वरंधा घाटापलीकडचा संपादक : ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. आपल्याकडची माणसं बाजारहाटाला, लग्नकार्याला, रायगडाला याच वाटेने जातात. महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, रायगड आठवतो. पण याच महाडात जन्मलेल्या आणि एकेकाळी इंग्रज सरकारची झोप उडवणाऱ्या एका पत्रकाराचं नाव आज आपल्या पोरांना विचारलं तर सांगता येत नाही. ते नाव शिवराम महादेव परांजपे, ‘काळ’ या साप्ताहिकाचे संपादक.

त्यांची आठवण आजच का काढायची? गावातल्या रस्त्याची, पाणी योजनेची, रेशनची बातमी केली म्हणून बातमीदारावरच गुन्हा नोंदवण्याची भीती घातली जाते, तेव्हा लोक विचारतात की कायदा नेमका कुणाच्या बाजूने आहे. शिवरामपंतांचं आयुष्य पाहिलं की या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं. साहेबाच्या हातात कायदा कसा हत्यार होतो हे त्यांनी सोसलं. आज पत्रकाराला जी थोडीफार ढाल मिळाली आहे, तिची किंमत अशा माणसांनी आधीच मोजून ठेवली आहे.

महाडचा मुलगा पुण्याला

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ चा. सुरुवातीचं शिक्षण महाडला, मग रत्नागिरीला आणि पुढे पुण्यात. १८८४ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृतवर त्यांची विलक्षण पकड होती. १८९५ साली एम. ए. झाले आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. शांतपणे प्राध्यापकी करून आयुष्य काढता आलं असतं. पण पुण्यातला तो काळ शांत बसू देणारा नव्हता.

ते विद्यार्थी असतानाच, १८८२ साली, पत्रकारांवरचा एक खटला महाराष्ट्रभर गाजला होता. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने मजकूर छापला. तरुण छत्रपतींचा छळ होतोय, असा आरोप होता आणि आधाराला काही पत्रं होती. कारभाऱ्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

हे प्रकरण आजच्या बातमीदारानेही मनात ठेवावं असं आहे. अब्रुनुकसानीच्या कायद्यात तेव्हाही अपवाद होते. सार्वजनिक हितासाठी खरी गोष्ट सांगितली, किंवा सरकारी माणसाच्या सरकारी वागण्यावर प्रामाणिकपणे मत दिलं, तर तो गुन्हा नाही, हे १८६० पासून कायद्यात लिहिलेलं आहे. पण तो अपवाद वापरायला हातात खरा कागद लागतो. कागदच खोटा निघाला की हेतू कितीही चांगला असला तरी कोर्टात उभं राहता येत नाही. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला फोटो किंवा आदेशाची प्रत तशीच पुढे ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

कायदा आवळला आणि ‘काळ’ निघाला

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या बंदोबस्तात सोजीर घराघरात घुसत होते, लोक चिडलेले होते. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि सरकारचा राग वर्तमानपत्रांवर निघाला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. कलम होतं १२४ अ.

त्या खटल्यात एक मोठा वाद झाला. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणं म्हणजे नेमकं काय? बंडाला चिथावणी देणं, की नुसतं सरकारबद्दल प्रेम नसणं? न्यायाधीशांनी जूरीला सांगितलेला अर्थ इतका रुंद होता की सरकारवर कडक टीका करणारा कुणीही त्यात बसावा. सरकारला तेवढंही पुरलं नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये कायदा बदलून द्वेष, तुच्छता हे शब्दही कलमात घातले. दोन समाजांत वैर वाढवण्याबद्दलचं १५३ अ कलमही त्याच वेळी आलं.

कायदा असा नुकताच आवळला होता. एखाद्याने म्हटलं असतं, जरा दमानं घ्यावं. शिवरामपंतांनी २५ मार्च १८९८ ला ‘काळ’ सुरू केला.

‘काळ’ची ताकद होती वक्रोक्ती. शिवरामपंत सरळ शिवी देत नसत. ते वरवर सरकारची स्तुती करत आणि वाचणाऱ्याला बरोबर उलटा अर्थ कळत असे. पुराणातली, इतिहासातली, दुसऱ्या देशातली गोष्ट सांगत आणि वाचणारा ती आपल्याच देशाला लावून घेई. आपल्याकडे बोलण्यात हे रोजचंच आहे. पारावर बसलेला म्हातारा पुढाऱ्याला एवढं काही गोड बोलतो की पुढाऱ्याला घाम फुटतो. शिवरामपंतांनी तेच साप्ताहिकात, अस्सल भाषेत केलं. तरुण पोरं ‘काळ’ची वाट पाहत. विनायक दामोदर सावरकरांसारख्यांची मनं ‘काळ’ वाचून घडली.

सरकारपुढे अडचण ही की उपरोध कोर्टात सिद्ध कसा करायचा? मराठी मजकुराचं सरकारी भाषांतरकार इंग्रजी करणार, त्या भाषांतरावर खटला चालणार. मराठीतली खोच इंग्रजीत कधी नाहीशी होते, तर कधी भलतीच धारदार होते. मूळ लेख न वाचता येणाऱ्या माणसांनी भाषांतरावरून संपादकाचं भवितव्य ठरवायचं, असा तो मामला होता.

शिवरामपंत वक्तेही मोठे होते. वंगभंगाच्या चळवळीत ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, तेव्हा टिळकांबरोबर त्यांचंही भाषण झालं.

१९०८ : एकोणीस महिने

३० एप्रिल १९०८ ला बिहारमध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्यावर लिहिलं. हे का घडलं, सरकारच्या वागण्याचा त्यात वाटा किती, असे प्रश्न विचारले. बाँबची बाजू घेणं वेगळं आणि बाँब का फुटला हे विचारणं वेगळं. पण चिडलेल्या सरकारला हा फरक करायचा नव्हता. ‘काळ’मधल्या लिखाणावरून शिवरामपंतांना पकडलं आणि मुंबईत खटला उभा राहिला.

या खटल्यात शिवरामपंतांना मदत करायला टिळक मुंबईला गेले होते. सरदारगृहात उतरले होते. तिथेच २४ जूनला टिळकांनाही अटक झाली. एका संपादकाच्या मदतीला गेलेला दुसरा संपादक आरोपी होऊन बसला.

जुलैमध्ये शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला आणि पुढे त्यांना मंडालेला नेलं. टिळकांच्या जूरीत नऊ जण होते. सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. ते सात जण युरोपियन होते आणि दोघे हिंदी.

इथे कायद्याची एक गंमत आहे. राजद्रोहाचा खटला कुणालाही सहज भरता येऊ नये म्हणून तेव्हाही सरकारची आगाऊ मंजुरी लागत असे. कागदावर हे पत्रकाराचं संरक्षण होतं. पण ज्याच्यावर टीका झाली तेही सरकार, फिर्यादी तेही सरकार आणि मंजुरी देणारंही सरकार. म्हणजे वाड्याला कुलूप लावायचं आणि किल्ली चोराकडे ठेवायची. नुसतं कलम लिहिलं म्हणून संरक्षण मिळत नाही. मंजुरी देणारा तिऱ्हाईत असला तरच त्याला अर्थ.

तुरुंगाने नाही, पैशाने मारलं

१९०९ साली शिवरामपंत सुटून आले. ‘काळ’मधल्या निवडक निबंधांचे खंड निघाले होते, ते सरकारने जप्त केले. लेख आधी छापून, वाचून झालेले होते. तरी पुस्तक म्हणून घरात ठेवायचीही चोरी झाली. ही बंदी पुढे कित्येक वर्षं टिकली. ती उठलेली शिवरामपंतांना पाहता आली नाही.

मग १९१० चा प्रेस कायदा आला. या कायद्याने सरकारला खटला चालवायची दगदगच ठेवली नाही. छापखान्याकडून, वर्तमानपत्राकडून जामीन म्हणून रोख रक्कम मागायची. नापसंत मजकूर आला की रक्कम जप्त. ‘काळ’कडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला गेला. तेव्हाचे दहा हजार म्हणजे साध्या माणसाला जन्मात एका जागी दिसणार नाहीत एवढे पैसे. ते भरणं शक्य नव्हतं. ‘काळ’ बंद पडला.

तुरुंगवासाने जे साधलं नाही, ते पैशाच्या मागणीने साधलं. एकोणीस महिन्यांची शिक्षा लोकांना दिसली, लोक हळहळले, शिवरामपंतांचं नाव मोठं झालं. जामिनाचा कागद मात्र गुपचूप आला आणि बारा वर्षं चाललेलं साप्ताहिक गिळून गेला. त्यात ना खटला, ना साक्षीपुरावा, ना जूरी. आजही छोट्या पत्रकाराला सगळ्यात जास्त धास्ती शिक्षेची नसते. तारखा, वकिलाची फी, जप्त झालेला मोबाईल आणि बुडालेली मजुरी यांनीच तो आधी वाकतो.

मुळशीचे धरणग्रस्त

पुढची दहा वर्षं शिवरामपंतांनी ग्रंथलेखनात, व्याख्यानांत काढली. १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ हे साप्ताहिक काढलं. गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीला त्यांनी पाठिंबा दिला.

याच सुमाराला वेल्ह्याच्या डोंगरापलीकडे, मुळशी खोऱ्यात, टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाचं काम सुरू झालं. पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं आणि घरं पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांनी जमीन सोडायला नकार दिला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढे होते. शिवरामपंत तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे. एकदा तुरुंग भोगलेला, प्रकृती नाजूक झालेली. तरी ते या लढ्यात उतरले आणि १९२२ साली त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी ही नावं ज्यांच्या घरात रोज निघतात, त्या भोर-वेल्ह्याच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. धरणाखाली जमीन गेली की पेपरात चार ओळी येतात, त्या चार ओळी लिहिणारा कुणीतरी लागतो. संस्कृतचा एक पंडित मावळातल्या कुणब्याच्या शेतासाठी म्हातारपणी तुरुंगात गेला, ही गोष्ट आपल्या भागाने तरी विसरू नये.

तेव्हा आपण कुठे होतो?

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तेव्हा आपला भाग पुण्यासारखा थेट इंग्रजांच्या ताब्यात नव्हता. भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, असे त्याचे तालुके होते; आजच्या भोर-वेल्ह्याचा बराच भाग त्यात येई. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तेव्हा आपण मुंबई राज्यात आलो.

१९२२ साली १९१० चा प्रेस कायदा रद्द झाला. पण त्याच वर्षी सरकारने दुसरा कायदा केला. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या वर्तमानपत्रांना शिक्षा करणारा. म्हणजे संस्थानातल्या रयतेचं गाऱ्हाणं पुण्या-मुंबईच्या पेपरात छापलं, तरी संपादक अडचणीत येऊ शकत होता. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा हा प्रकार.

अखेरची वर्षं

१९२८ साली शिवरामपंतांचा ‘मराठ्यांच्या लढ्यांचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. १९२९ साली बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ज्याचं पुस्तक सरकारने जप्त करून ठेवलं होतं, त्याच लेखकाला मराठी माणसाने साहित्यातला सर्वांत मोठा मान दिला. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. मधुमेहाने ते खंगले होते.

आज बातमीदाराच्या हातात काय आहे?

शिवरामपंतांकडे नसलेली पहिली गोष्ट म्हणजे राज्यघटना. १९५० पासून कलम १९ ने बोलण्याचं, लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलं. १९६२ साली केदारनाथ सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता मोडण्याचा रोख नसेल, तर सरकारवरची कडक टीका राजद्रोह होत नाही. २०२१ साली विनोद दुआ यांच्या निकालात कोर्टाने हे संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे असं स्पष्ट केलं. मे २०२२ मध्ये १२४ अ चा वापर थांबवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे कलम त्या नावाने नाही. पण देशाच्या सार्वभौमत्वाबद्दलचं कलम १५२ आहे आणि त्याचे शब्दही रुंद आहेत, म्हणून सावध राहायला हवं.

तालुक्याच्या पातळीवर मात्र राजद्रोह क्वचितच लागतो. तिथे धमकी असते सरकारी कामात अडथळ्याची, खंडणीची किंवा अब्रुनुकसानीची. म्हणून पुढच्या गोष्टी माहीत असू द्या.

जुनं ३५३ म्हणजे आताचं कलम १३२. त्यासाठी सरकारी माणसावर हल्ला किंवा बळाचा वापर झालेला असावा लागतो. नुसता प्रश्न विचारणं, माहिती अधिकारात अर्ज टाकणं म्हणजे बळ वापरणं नव्हे.

अब्रुनुकसानीचं कलम आता ३५६. सार्वजनिक हिताचं सत्य आणि सरकारी माणसाच्या सरकारी कामावरचं प्रामाणिक मत, हे १८६० चे अपवाद त्यात आजही आहेत. १९९४ च्या राजगोपाल निकालात सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलं की अधिकाऱ्याच्या कामाविषयीच्या मजकुरावर त्याला नुकसानभरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा आहे आणि खरंखोटं न पाहता बेफिकिरीने छापला, हे त्याने दाखवायला हवं. बातमीदाराने वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवलं तरी पुरतं.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नसते. आधी नोटीस देऊन बोलावता येतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ (३) तेच सांगतं. नोटीस आली तर टाळू नका, वकिलाला घेऊन हजर व्हा. एफआयआरची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. गुन्हा उघडच खोटा असेल तर तो रद्द करायला कलम ५२८ खाली हायकोर्टात जाता येतं. इजा करण्याच्या हेतूने जाणूनबुजून खोटा गुन्हा दाखल करणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम २४८ खाली कारवाई होऊ शकते. विनाकारण आरोप केल्याचं मॅजिस्ट्रेटला दिसलं तर सुरक्षा संहितेच्या कलम २७३ खाली भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. पैसे नसतील तर विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो.

आपल्या राज्यात पत्रकार संरक्षण कायदाही आहे. २०१७ साली विधिमंडळाने तो संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो आला. पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तपास डीवायएसपीच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. पण हा कायदा मारहाणीपासून वाचवतो. खोट्या गुन्ह्यापासून वाचवत नाही. आणि त्याखाली खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही शिक्षा आहे.

आता मूळ दुखणं. सरकारी कामाच्या ओघात केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर कोर्टात खटला चालवायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आता एवढं आलंय की १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. पत्रकाराला मात्र अशी आगाऊ ढाल कुठल्याच केंद्रीय कायद्याने दिलेली नाही. अधिकाऱ्याला संरक्षण खटल्याच्या आधी मिळतं, बातमीदाराला खटला भोगता भोगता. १९०८ साली किल्ली ज्या खिशात होती, ती अजून पुरती बाहेर आलेली नाही.

ती बाहेर काढायची तर कायदा बदलायला हवा, ते काम आमदार-खासदारांचं, आणि त्यांना विचारणं आपलं. तोवर बातमीदाराने दोन गोष्टी कराव्यात. कागद तपासल्याशिवाय छापू नये, आणि तपासलेला प्रत्येक कागद, फोटो, पोचपावती जपून ठेवावी. गावानेही एक करावं. आपल्या रस्त्यासाठी, पाण्यासाठी लिहिणाऱ्याला पोलीस ठाण्यात बोलावलं, तर त्याला एकट्याला पाठवू नये. ‘काळ’चे वाचक पुष्कळ होते, पण दहा हजाराच्या कागदापुढे संपादक एकटा पडला.